टाकी भरून घ्या

उखर्डूला पुष्कळ गोष्टींची भीती वाटायची. नळाची मात्र कधी वाटली नव्हती.

त्याची भीती त्याच्या नावापासूनच सुरू होते. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं. हे टाकून दिलेलं आहे असं मरणाला वाटावं, म्हणून. मग शेजारणीनं उचललं आणि आईनं तिच्याकडून परत घेतलं. जसोंडी गावात त्याच्या वयाचे याच नावाचे आणखी दोघेतिघे आहेत. ते नाव घेऊन सुखानं म्हातारे होत आहेत. उखर्डूला मात्र आयुष्यभर वाटत राहिलं की ती फसवणूक कधीतरी उघडी पडेल. कुणीतरी परत येईल आणि नीट पाहील.

म्हणून तो विहिरीवरच्या मोटारीचा खटका लाकडाच्या काडीनं दाबायचा. विहिरीच्या काठावर बसायचा नाही. वारा सुटला की घड धरलेल्या केळी मोडतील या धास्तीनं अंथरुणावर उठून बसायचा, आणि वारा थांबला की तो का थांबला म्हणून बसून राहायचा. त्याची बायको रंभाबाई आल्यागेल्याला सांगायची, "आमचं लगन बी यायच्या भ्यायल्यानंच झालं. नही म्हनायले भ्याले."

अशा माणसाच्या केळीबागेत परक्या लोकांनी गाड्या घेऊन मुक्कामाला यावं, ही कल्पना अर्थातच त्याची नव्हती. ती सुनेची, तृप्तीची. ती बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यात एका विम्याच्या कचेरीत कामाला जाते. हल्ली लोक गाडीतच पलंग, चूल, संडास बसवून गावोगाव हिंडतात. असीरगड बघायला येतात, पुढे ओंकारेश्वरला जातात. शहरातल्या लॉजच्या फाटकातून त्यांच्या उंच गाड्या आत जात नाहीत. तृप्तीनं बागेच्या कडेची पडीक जागा सपाट करून घेतली, दिवा असलेला संडास बांधला, घराच्या लायनीवरून एक मोठा प्लग ओढला आणि फोनवरच्या नकाशात जागेचं नाव टाकलं. सावली होतीच. आंब्याची.

रंभाबाई त्या गाड्यांना बिऱ्हाडगाड्या म्हणायची.

पहिल्यांदा आलेल्या एका पाहुण्यानं कुरकुर केली. त्याच्या गाडीची टाकी भरायचा पाइप आट्याच्या नळालाच बसत होता आणि असा नळ तिथं नव्हता. उखर्डूला ते लागलं. त्यानं स्वतः बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या बाजारात जाऊन पितळी, आट्याचा नळ आणला. घरची पिण्याच्या पाण्याची हापशी दूर, गोठ्यापलीकडे. ठिबकची मोठी लाइन मात्र त्या सपाट जागेला चिकटूनच गेलेली. त्यानं तिलाच जोड काढून नळ बसवला, आटे दोऱ्यानं घट्ट केले, आणि थेंब गळत नाही हे तीनदा येऊन पाहिलं. सगळ्या धोक्यांकडे पाहणारा माणूस एका थेंबाकडे पाहत होता.

त्या डिसेंबरात नाशिकहून अक्षय आणि शीतल आले, त्यांची पाच वर्षांची हिमानी घेऊन. ऊन उतरत होतं. अक्षयनं उतरल्या उतरल्या विचारलं, "काका, प्लग मोठा आहे ना? फ्रीज चालेल?"

"कूलर, फ्रीज, सगळं चालतं."

"आणि पाणी? आमचा पाइप आट्याच्या नळालाच बसतो. मागच्या ठिकाणी बादलीनं भरावं लागलं."

उखर्डूनं नळ दाखवला. "हा पाहा. तुमच्यासारख्यायसाठीच बसवला."

अक्षयनं पाइपचं तोंड लावून पाहिलं. घट्ट बसलं. "वा, काका! अशी जागा शोधून सापडत नाही."

शीतल म्हणाली, "पाणी चांगलं आहे ना?"

"इहिरीचं आहे. गोड."

हिमानी संडासाच्या दाराशी उभी होती. "यात रात्री दिवा असतो?"

"असतो ना."

"मला अंधाराची भीती वाटते."

"मले बी वाटते," उखर्डू म्हणाला.

"खोटं. तुम्ही तर मोठे आहात."

"मोठ्यायले जास्त वाटते. आपन सांगत नही."

ती हसली. तोही हसला. त्याच्या भीतीवर कुणीतरी पहिल्यांदाच टोमणा न मारता हसलं होतं, आणि त्या आनंदात अक्षयनं "आत्ता भरू का टाकी?" म्हणून विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "आत्ता शेताची लाईट नही. सकायी लाईट आली की मोटर आपोआप चालू होते. टाकी भरून घ्या."

सकाळी तो लवकर निघाला. मोटारीचा एक वायसर झिजला होता, तो आणायला शनवाऱ्यात चुडामणच्या दुकानात गेला. चुडामण शेतीचं सामान विकतो, खतं आणि औषधंही. वायसर पुडीत बांधता बांधता त्यानं सहज विचारलं, "काय उखर्डूभाऊ, परवा नेलेलं औषध सोडलं की नही?"

"सोडलं ना. काल दुपारीच पिपात—"

वाक्य तिथंच थांबलं.

केळीच्या कंदात सोंड्या नावाचा किडा पडतो. त्याचं औषध मोटारीजवळच्या निळ्या पिपात कालवून ठेवायचं. लाईट येते, मोटर आपोआप सुरू होते, पिपातलं औषध पाण्याबरोबर ओढलं जातं आणि ठिबकमधून थेंबाथेंबानं प्रत्येक झाडाच्या मुळाशी जातं. माणसाला पहाटे उठावं लागत नाही. इकडे सगळेच असं करतात. त्या लायनीला नळ मात्र कुणाच्याच नसतो.

तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्यानं रंभाबाईला फोन लावला.

"पाहुने?"

"गेले मघाशीच, असीरगडले. पोरीनं मले टाटा केलं. मी खायले दराब्याच्या मिठाईचा डबा देल्ला तिले."

"टाकी भरली त्यायनं?"

"भरली ना. म्हने, काकू, प्रेशर एकदम भारी आहे."

"तू पेली का ते पानी?"

"मी कायले पेऊ? आपन हापशीचं पेतो. काहून? काय झालं? तुमचा आवाज असा काहून येऊन रायला?"

त्यानं फोन ठेवला. दुकानाबाहेर लोक चालत होते, रिक्षा चालली होती, कुणीतरी जिलबीचा पुडा हातात धरून रस्ता ओलांडत होतं. सगळं इतकं जसंच्या तसं होतं की त्याला त्या सगळ्याचीच भीती वाटली.

चुडामणला सांगावं लागलं नाही. त्यानं फळीवरून त्याच औषधाची बाटली काढली आणि उखर्डूच्या हातात दिली. "ठेवा सोबत. डॉक्टर पयले हेच इचारतो." बाटलीवरच्या चौकोनात पिवळा त्रिकोण होता, जहाल विषाची खूण. "वास येतो का याले?" उखर्डूनं विचारलं. चुडामणनं मान हलवली. नाही.

चुडामणनं फोन करून बोलावलेली तृप्ती कचेरीतून स्कूटीवर आली तेव्हा तो बाटली छातीशी धरून उभा होता. तिनं सगळं ऐकलं, अक्षयचा नंबर लावला. "पहुंच के बाहर बोल रहा है. घाटात असतील." तिनं निरोप लिहिला: टाकीतलं पाणी पिऊ नका. एकच खूण उमटली. दुसरी उमटेना.

"मामंजी, बसा मागे. पकडून बसा."

खंडव्याच्या रस्त्यावर तो दुचाकीवर कधी बसला नव्हता. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. एरवी त्यानं डोळे मिटले असते. आज ते दिसतही नव्हते. त्याला दिसत होता गाडीतला एक छोटा नळ, आणि त्याखाली धरलेला एक छोटा पेला.

असीरगडाच्या पायथ्याशी गाडी नव्हती. चहाच्या टपरीवरच्या बाईनं लगेच ओळखलं. "वो ऊंची वाली गाड़ी? आई थी. पेड़ की डगाल लग रही थी ऊपर, तो रुके नहीं. बच्ची को उल्टी हुई यहीं, बेचारी को. घाट लगा होगा."

उखर्डूनं तृप्तीच्या खांद्यावरचा हात काढून बाटली दोन्ही हातांत धरली.

"किधर गए?" तृप्तीनं विचारलं.

"पूछ रहे थे, छाया हो, बाथरूम हो, ऐसी जगह. मैंने ढाबे का बता दिया."

ढाबा थोडा पुढे होता. तिथंही गाडी नव्हती. मालक गल्ल्यावर बसून दात कोरत होता. "मॅडम ने बाथरूम देखा और उल्टे पांव वापस," तो म्हणाला आणि हसला. पुढे रस्त्याला फाटा होता. एक सरळ खंडव्याकडे, एक नेपानगरकडे. तृप्तीनं पुन्हा फोन लावला. बाहेर. "मामंजी, आता कुठे? मला समजत नाही. पोलिसांना सांगू का?"

"सांग."

ती फोनवर बोलू लागली, गाडीचा रंग, नाशिकचा नंबर. उखर्डू फाट्याकडे पाहत राहिला. आयुष्यभर तो कुठंही गेला की आधी दार कुठं आहे, आडोसा कुठं आहे, पाणी कुठं आहे हेच पाहत आला होता. तो मनातल्या मनात त्या गाडीत बसला. पोरीला उलटी झालेली. तिला निजवायला सावली पाहिजे. उंच गाडीला मोठं फाटक पाहिजे. जमीन सपाट पाहिजे, प्लग पाहिजे. आणि संडासात दिवा पाहिजे, कारण तिला अंधाराची भीती वाटते. एवढं सगळं एका जागी, या रस्त्यावर, कुणासाठी बांधतात? घोड्यावरून येणाऱ्या नवरदेवासाठी, जेवणाच्या पंगतीसाठी, शेकडो वऱ्हाड्यांसाठी.

"ओ भाऊ," तो ढाबेवाल्याला म्हणाला, "इथं लगनाचं गार्डन कुठी आहे?"

"मॅरेज गार्डन? नेपा वाले रोड पे है एक. पर अभी तो मलमास है, शादी-ब्याह सब बंद. खाली पड़ा होगा."

"खालीच पाहिजे," उखर्डू म्हणाला.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे हत्ती होते, एकाची सोंड तुटलेली. आत लिंबाखाली ती गाडी उभी होती. अक्षय खुर्ची टाकून बसला होता. गाडीच्या मागच्या दारात शेगडी, शेगडीवर कुकर. शिटी होत आली होती. आवाज वर चढत होता.

"काका? तुम्ही इथे कसे? आम्ही काही विसरलो का?"

उखर्डू सरळ शेगडीपाशी गेला आणि त्यानं गॅस बंद केला. शिटी अर्ध्यातच विरली.

तृप्तीनं सांगितलं. आडवळण न घेता, जसं होतं तसं.

शीतल घाईनं म्हणाली, "पण आम्ही प्यायला जारचं पाणी वापरतो. चहाही जारचाच होता. नाही का, अक्षय? टाकीचं फक्त भांडी, आंघोळ... आणि ही खिचडी. ती अजून कुणी खाल्लेली नाही."

उखर्डूच्या छातीतून श्वास सुटला. शहाण्या बाया, तो मनात म्हणाला. देव भलं करो शहाण्या बायांचं.

"हिमानीनं," शीतल म्हणाली, आणि थांबली. "हिमानीनं सकाळी बेसिनवर दात घासले. गाडीतच. ती नेहमी थोडं गिळते. मी ओरडते तिला."

हिमानी आत पलंगावर झोपली होती. तोंडाशी दराब्याचा डबा. उखर्डूनं पायरीवरूनच पाहिलं. चादर वर खाली होते आहे की नाही, ते कळत नव्हतं. पडद्यातून ऊन हलत होतं आणि त्याबरोबर सगळंच हलत होतं.

"उठवा तिले."

"आत्ताच झोपलीय, काका. उलटीनं थकलीय."

"नही. उठवा."

शीतलनं हाक मारली. दुसरी मारली. तिसरी हाक उखर्डूनं मारली, आणि त्याचा आवाज त्याला त्याच्या आईचा वाटला, जी त्याला उकिरड्यावरून परत मागत होती. हिमानीनं डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही पण आमच्याबरोबर आलात?"

गाडी बुऱ्हाणपूरकडे वळली. तृप्ती मागून स्कूटीवर. हिमानी आईच्या मांडीवर, उखर्डू मागच्या बाकावर बाटली धरून. टाकी त्याच बाकाखाली होती. प्रत्येक वळणावर पाणी एका बाजूला जाऊन आपटायचं, मग दुसऱ्या बाजूला. घाट उतरेपर्यंत तो ते ऐकत होता. आपण जन्मभर ज्याची वाट पाहिली ते हेच, असं त्याला वाटलं. ते विहिरीत नव्हतं, तारेत नव्हतं, वाऱ्यात नव्हतं. ते त्याच्या बुडाखाली, त्यानंच भरून दिलेलं, इकडून तिकडे हेलकावत होतं.

दवाखान्यात डॉक्टरनं बाटली वाचली, पोरीच्या डोळ्यांत उजेड पाडला, पोट दाबलं, नाडी धरली. "किती गेलं असेल पोटात?" कुणाला सांगता येईना. "उलटी घाटानंही होते. यानंही होते. संध्याकाळपर्यंत इथंच ठेवू. बघू."

बाहेरच्या बाकावर अक्षय उखर्डूपासून दूर बसला. तिथूनच म्हणाला, "तुमच्या घरातलं कुणी त्या नळाचं पाणी पीत नाही. आणि आम्हाला म्हणालात, टाकी भरून घ्या."

"आमचं कोनी पेत नही," उखर्डू म्हणाला, "म्हनूनच ध्यानात आलं नही."

तृप्तीनं दोघांसाठी चहा आणला. चहा तसाच राहिला, वर साय धरली.

दुपार कशी गेली ते उखर्डूला नंतर कधी सांगता आलं नाही. दार उघडायचं, नर्स बाहेर यायची, दुसरीकडे जायची. एकदा आतून हिमानीचं रडणं ऐकू आलं आणि त्याला बरं वाटलं, कारण रडणं म्हणजे श्वास. मग रडणं थांबलं. तो उभा राहिला. तृप्ती म्हणाली, "मामंजी, सुई टोचली असेल. बसा." तो बसला नाही.

भिंतीवरचं ऊन वर सरकून गेल्यावर शीतल बाहेर आली. चेहरा रडलेला, पण पाय घाईचे नव्हते. "भूक लागली म्हणते. दराबा मागते."

डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण लक्ष ठेवा. औषधामुळे झालं की घाटामुळे, हे त्यांनी सांगितलं नाही. उखर्डूनं विचारलंही नाही. ते त्याला अजून माहीत नाही.

टाकी कुठंतरी रिकामी करायलाच हवी होती. रस्त्यावर सोडलं तर गुरंढोरं तोंड लावणार. म्हणून गाडी परत जसोंडीला आणली. रंभाबाईनं शेळ्या आत बांधून घेतल्या, कुत्र्यालाही साखळी लावली. अक्षयनं खालची तोटी उघडली आणि ते पाणी केळीच्या ओळीत गेलं, जिथं जायला निघालं होतं तिथंच. माती ते पिईपर्यंत उखर्डू काठी घेऊन उभा राहिला. एक चिमणी उतरली. त्यानं तिलाही हाकललं.

रंभाबाईनं त्या दिवशी त्याला टोमणा मारला नाही. नुसती म्हणाली, "जेवून घ्या." न जेवणं त्याला परवडलं असतं, तिचं टोमणा न मारणं नाही.

नळ त्यानं दुसऱ्या दिवशी पान्यानं काढला. लायनीला बूच मारलं, आणि ते बूच गळत नाही हेही तीनदा पाहिलं. तृप्तीनं जागेचं नाव नकाशातून काढून टाकलं. हिमानीचा एकदा फोन आला, नाशिकहून. "काका, तुम्हाला अजून अंधाराची भीती वाटते?" तो म्हणाला, "नही बेटा. अंधाराची नही वाटत." फोन रंभाबाईकडे देऊन तो गोठ्यात गेला.

पुढं पाहुण्यांचे फोन येत राहिले. इतकी सावलीची, सपाट जागा दुसरी नाही, असं लोक म्हणायचे. तृप्तीनं हापशीच्या बोअरवरून वेगळी लाइन टाकून घेतली, वेगळी टाकी उभी केली, पाणी तपासून आणलं, आणि ठिबकच्या आणि या लायनीच्या मध्ये पूर्ण गोठा ठेवला. आट्याचा नळ तोच आहे. पितळी. उखर्डूला तो परत बसवायचा नव्हता. तृप्ती म्हणाली, "मामंजी, नळाचा काय दोष?"

आता बिऱ्हाडगाडी आली की तो प्लग दाखवतो, संडासातला दिवा लावून दाखवतो. पाइप जोडायच्या आधी म्हणतो, "जरा थांबा." नळाखाली पेला धरतो, भरतो, पाहुण्यांसमोर उभा राहून शेवटच्या घोटापर्यंत पितो. मग आंब्याखाली बसतो. हात मांडीवर. स्वतःच्या आतून काही आवाज येतो का ते ऐकत.

पाहुणे एकमेकांकडे बघतात. कुणीतरी रंभाबाईला हळूच विचारतं, "हा तुमच्याकडचा रिवाज आहे का?"

"हो," ती म्हणते. "बसा तुमी बी. भरू टाकी थोड्या वेळानं."